‘पोटगी चुकवली’ म्हणजे दिली की बुडवली?

भाषांतरकर्ती (राजारामपुरी): विभक्त झालेल्या आईवडिलांसाठीच्या एका माहितीपत्रकाचे भाषांतर सध्या माझ्याकडे आहे. मुलांच्या पालनपोषणाची रक्कम महिन्याच्या महिन्याला कशी देत राहावी आणि तिचा हिशोब कसा ठेवावा, असा त्याचा विषय आहे. त्यात ‘वडिलांनी मार्चअखेरची पोटगी चुकवली’ असे मी ‘देऊन टाकली’ या अर्थाने लिहिले. तपासणाऱ्या बाईंनी त्याखाली लाल रेघ ओढून ‘म्हणजे बुडवली ना?’ असा शेरा मारला. देणे चुकवणे म्हणजे फेडणे, असेच आमच्या घरी मी लहानपणापासून ऐकत आले आहे. चूक कोणाची? शिवाय ‘हप्ता’ म्हणावे की नाही, हीही शंका आहे, कारण तो शब्द वाचला की एक तर बँक आठवते नाहीतर गल्लीतला दादा.

निवृत्त कारकून (कसबा बावडा): बाईंचा शेरा योग्य आहे. महिना चुकला म्हणजे भरणा राहून गेला, चुकवला म्हणजे जाणूनबुजून टाळला आणि चुकती केली म्हणजे पै न पै दिली. हा भेद नुसता व्याकरणाचा नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये असलेली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आलेली तरतूद अशी, की पुरेशा कारणाशिवाय आदेश पाळला नाही तर थकलेल्या रकमेसाठी वॉरंट निघू शकते आणि त्यानंतरही रक्कम भरली नाही तर प्रत्येक महिन्याच्या थकबाकीबद्दल एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. ‘चुकली’ आणि ‘चुकवली’ यांच्यामध्ये ते ‘पुरेसे कारण’ उभे असते. जाता जाता सांगतो, आमच्याकडे वकील मंडळींच्या तोंडी पोटगीइतकाच ‘खावटी’ हा शब्दही असे.

व्युत्पत्तीवेडा: हिंदीत चुकाना म्हणजे फेडणे आणि चूकना म्हणजे चुकणे, असे ऱ्हस्व-दीर्घाने वेगळे राहिलेले दोन धातू आहेत, मराठीत दोन्हींचा संसार एकाच ‘चुक’मध्ये चालतो आणि म्हणून हा घोळ होतो. ‘किंमत चुकवावी लागली’ असे बातम्यांत वाचले की माझ्या अंगावर काटा येतो, कारण मराठी माणूस किंमत मोजतो. ‘पोटगी’विषयी माझा स्वतःचा तर्क असा आहे, की मूळ शब्द ‘पोटाजोगी’ असावा.

लक्ष्मीपुरीकर: मग देणगीला ‘देण्याजोगी’ म्हणायचे काय? आणि हिंदीवर सगळे ढकलू नका. आजोबांच्या धान्याच्या दुकानातल्या वहीत ‘हिशोब चुकविला’ असे मोडीत लिहिलेले मी स्वतः पाहिले आहे आणि आजोबांना हिंदीचे दोन शब्द धड येत नव्हते.

वहीवाली (करवीर): मी पोटगी घेणाऱ्या बाजूची आहे, म्हणून लिहिते. मुलाच्या वडिलांचे उत्पन्न उसाचे आहे. कारखान्याचे बिल हिवाळ्यात येते आणि शाळेचा खर्च जूनमध्ये निघतो, त्यामुळे आमच्याकडे पोटगी चुकत नाही, ती तुंबते. एकदा त्यांनी १२,००० रुपये मोबाइलवरून पाठवले, पण कोणत्या महिन्यांचे ते लिहिले नाही. मी ते मागच्या चार महिन्यांत धरले आणि ते म्हणाले, पुढच्या चार महिन्यांची उचल दिली आहे. तेव्हापासून दोनशे पानी वहीत तारीख आणि रकमेशेजारी ‘कोणत्या महिन्यापोटी’ असा रकाना मी आखला आहे, आणि पैसे पाठवतानाच महिना लिहावा असे त्यांनाही सांगितले आहे. माझ्या लेखी या सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘पोटी’ हा आहे.

व्युत्पत्तीवेडा: ताई, पोटगी आणि पोटी! हे मला आधी कसे सुचले नाही?

शुद्धमती: पोटगी ही बायकोची असते, मुलासाठी ‘संगोपन खर्च’ म्हणावे, आपल्याच बापाकडून लेकराला पोटगी मिळते, हे ऐकायलाही बरे वाटत नाही. तसेच माहितीपत्रकात ‘थकीत’ हा शब्द शिरू देऊ नये. ‘थक’ या मराठी धातूला संस्कृतातले शेपूट जोडून तो बनवला आहे. ‘थकलेली’ म्हटल्याने काय अडते?

निवृत्त कारकून: पत्नी, मुले आणि आईवडील अशा सर्वांच्या निर्वाहाची सोय त्या एकाच कलमात आहे आणि कोर्टात सगळ्यांसाठी पोटगी हाच शब्द चालत आला आहे. थकीत म्हणा वा थकलेली म्हणा, पण वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो, एवढे मात्र त्या पत्रकात ठळक छापा. या मुदतीपायी लोकांचे पैसे गेलेले मी पाहिले आहेत.

लक्ष्मीपुरीकर: ‘थकलेली पोटगी’ म्हटले तर ती बिचारी बावड्यापर्यंत चालत जाऊन दमली, असे वाटते. थकीतच बरे.

भाषांतरकर्ती: मुदतीची ओळ घेतली आहे आणि वहीवाल्या ताईंचा रकाना तर जसाच्या तसा तक्ता करून टाकला आहे. मजकूर उद्या छपाईला जाणार असल्याने ‘चुकवली’ काढून मी सरळ ‘भरली’ असे केले आहे. ‘हप्ता’विषयी मात्र कोणीच काही बोलले नाही.

निवृत्त कारकून: भरली म्हणजे कोर्टात जमा केली, की तिच्या हातात दिली? हातात दिली असेल, तर पोच घेतली होती काय?