सीजे-३बी मध्ये प्यूजो डिझेल आणि ४ गिअरचा बॉक्स : रिव्हर्स करकरतो, ५० च्या आसपास थरथर

घोडबंदर_३बी
गाडी महिंद्राची सीजे-३बी जीप. मूळचं २१९९ सीसीचं हरिकेन पेट्रोल इंजिन आणि ३ गिअरचा टी-९० बॉक्स काढून प्यूजोचं एक्सडीपी ४.९० (२११२ सीसी) डिझेल आणि केएमटी-९० बॉक्स बसवला आहे. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) जुनाच, डाना १८ मॉडेलचा. डिफरन्शियल ५.३८ चे (चाकाच्या एका फेऱ्याला त्याकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे ५.३८ फेरे), टायर ६.००-१६.

गाडी थंड असताना गिअर व्यवस्थित पडतात. गायमुखचा चढ चढून तापली की रिव्हर्स करकरतो, पेडल पूर्ण दाबलं तरी. दुसरं, ताशी ४८ ते ५५ किमीच्या वेगात तळाचा पत्रा थरथरतो, ॲक्सिलरेटर सोडला की जास्त. तिसरं, गिअरबॉक्सचं ऑइल कमी होतं, पण खाली थेंबही पडत नाही. ट्रान्सफर केसचा लेव्हल प्लग उघडला तर ऑइल धारेने बाहेर आलं.

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग सगळं नवीन आहे. गॅरेजवाले म्हणतात, क्लच सेट पुन्हा बदला. बेल हाउसिंगला (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं क्लचचं कवच) दोन डॉवेल (जागा पक्की धरणाऱ्या पिना) हवेत, त्यातला एकच आहे. दुसरं भोक लंबगोल झालंय म्हणून तिथे नुसता बोल्ट कसला आहे. याचा काही संबंध असेल का?

वागळे_टर्नर
संबंध आहे, आणि माझ्या मते बराचसा घोळ तिथेच आहे. क्लच सेटवर आत्ता एक रुपया घालू नका.

बोल्टचं काम बेल हाउसिंग आवळून धरायचं. सेंटर धरायचं काम डॉवेलचं. बोल्टच्या भोकात नेहमी थोडी जागा असते, त्यामुळे एका डॉवेलवर हाउसिंग दुसऱ्या टोकाला सरकून बसू शकतं. मग गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट क्रँकच्या सेंटरला न जाता पायलट बुशमध्ये (क्रँकच्या टोकातला, शाफ्टचं टोक धरणारा छोटा बुश) तिरका घुसतो. बुश एका बाजूने घासतो, तापतो, शाफ्टला पकडतो. पेडल दाबून क्लच सुटा झाला तरी बुश शाफ्टला फिरवत राहतो. थंड असताना गिअर पडणं आणि गरम झाल्यावर करकर, ही त्याचीच खूण.

आधी खात्री करा. गाडी गरम असताना न्यूट्रलमध्ये आयडलिंगला ठेवा, क्लच दाबा, दहा सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. शांतपणे पडला तर फक्त शाफ्ट थांबायला वेळ लागत होता, बिघाड नाही. दहा सेकंदांनंतरही करकरला तर शाफ्टला काहीतरी फिरवतंय.

मग बॉक्स उतरवावाच लागेल. उतरवल्यावर प्लेट उलटी बसलेली नाही ना, हे पाहा. उलटी असेल तर तिचा हब फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासल्याच्या चकचकीत रेघा दिसतात. नंतर प्लेट आणि प्रेशर प्लेट काढा, बेल हाउसिंग इंजिनवर तसंच राहू द्या. डायल गेजचा (मिमीचे शतांश दाखवणारं सुईचं मापक) मॅग्नेटिक स्टँड फ्लायव्हीलवर लावा आणि सुई हाउसिंगच्या त्या गोल भोकाच्या आतल्या भिंतीवर टेकवा, ज्यात गिअरबॉक्सची पुढची कॉलर बसते. हीटर प्लग काढले की कॉम्प्रेशन राहत नाही, क्रँक हाताने सावकाश फिरतो. एक पूर्ण फेरा घ्या. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यातला फरक ०.१३ मिमीच्या आत हवा. लक्षात ठेवा, सेंटर प्रत्यक्षात या फरकाच्या निम्मं सरकलेलं असतं. मग सुई हाउसिंगच्या मागच्या सपाट तोंडावर टेकवून आणखी एक फेरा घ्या. तिथे फरक आला तर मधे रंग, गंज किंवा जुनं गास्केट अडकलंय.

पारसिक_४बाय४
क्लचबद्दल वरचं अगदी बरोबर. मी थरथरीबद्दल सांगतो.

६.००-१६ टायर एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर जातो. ५० च्या वेगाला चाकाचे मिनिटाला जवळपास ३८० फेरे होतात, त्याला ५.३८ ने गुणलं की प्रोपेलर शाफ्टचे सुमारे २,०००. टॉप गिअर सरळ १:१ असल्याने इंजिनही तेव्हा २,००० वरच असतं, त्यामुळे दोष शाफ्टचा की इंजिनचा हे अंदाजाने कळत नाही. म्हणून ५० चा वेग धरून एकदा टॉपमध्ये आणि एकदा तिसऱ्यात चालवून बघा. थरथर तशीच राहिली तर प्रोपेलर शाफ्ट. तिसऱ्यात ती निराळ्या वेगाला आली तर फ्लायव्हील, क्लच किंवा इंजिनचं फाउंडेशन (ज्या आधारांवर इंजिन बसतं ते).

शाफ्टच निघाला तर गाडी सपाट जागी चाकांवर उभी करा, जॅकवर नको. मोबाइलवरचं कोन मोजायचं ॲप चालेल, पण साफ केलेल्या मशीन-कट तोंडावरच टेकवा. तीन आकडे घ्या: ट्रान्सफर केसच्या मागच्या फ्लँजचा उतार, शाफ्टचा उतार, मागच्या पिनियनचा (डिफरन्शियलमध्ये शिरणारा दांडा) उतार. पहिला आणि तिसरा सारखे हवेत, फार तर एक अंशाचा फरक. शिवाय शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (जॉइंट धरणारे दुबेळके) एका रेषेत आहेत का, हेही बघा. स्लिप जॉइंट (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणारा सरकता सांधा) उघडून एक दाता पुढे-मागे बसवला गेला तर प्रत्येक फेऱ्यात दोनदा धक्का बसतो. ॲक्सिलरेटर सोडल्यावर जास्त जाणवतं म्हणताय, म्हणून ट्रान्सफर केसच्या आउटपुट योकचा नटही हाताने हलवून तपासा.

घोडबंदर_३बी
दहा सेकंद थांबूनही करकर आहे. बॉक्स उतरवला. गोल भोकात फरक ०.३५ मिमी, सपाट तोंडावर ०.०५. पायलट बुश एका बाजूने चकाकतोय, दुसऱ्या बाजूला मशीनिंगच्या रेघा अजून तशाच आहेत.

बॉक्स उतरवण्याआधी कोन घेतले होते: फ्लँज ५ अंश, शाफ्ट ११, पिनियन २. थरथर तिसऱ्यात आणि टॉपमध्ये सारखीच होती. योक रेषेत आहेत, नट घट्ट आहे.

वागळे_टर्नर
०.३५ म्हणजे सेंटर ०.१७ ने सरकलंय. बुशला सहन होण्यापलीकडचं आहे.

बोल्ट हलके सैल करा, नायलॉनच्या हातोडीने हाउसिंग थोडं थोडं ठोकत आणि गेज बघत ०.१० च्या खाली आणा. मग बोल्ट एकाआड एक कसा आणि पुन्हा मोजा, कारण कसताना ते हमखास सरकतं. आकडा टिकला की त्याच स्थितीत लंबगोल झालेलं भोक इंजिनसकट रीमरने (भोक अचूक मापात कोरणारं हत्यार) मोठं करा आणि त्या मापाचा नवा डॉवेल घट्ट बसवा. वागळे इस्टेटमधला कुठलाही चांगला टर्नर डॉवेल करून देईल. माप भोक रीम झाल्यावरच द्या, आधी नको. एक बाजू धरून बसलेला जुना डॉवेल आड येत असेल तर तोही काढून तसाच नव्याने बसवा.

बुश नवीन घाला. सिंटर्ड कांस्याचा असेल तर रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा आणि ग्रीस लावू नका, ग्रीसने त्याची छिद्रं बुजतात.

पारसिक_४बाय४
पुढच्या जॉइंटला ६ अंश (११ वजा ५) आणि मागच्याला ९ (११ वजा २), म्हणून थरथर. बॉक्स खाली आहेच तर हेही करून टाका. गिअरबॉक्सखालचा क्रॉस मेंबर (चेसिसची आडवी पट्टी) थोडा खाली वेल्ड झालेला दिसतो. इंजिन फाउंडेशनपासून तिथपर्यंत ८०० मिमी धरले तर एका अंशाला सुमारे १४ मिमी, म्हणजे साडेचार सूत. तेवढा वर घ्या, फ्लँज ४ वर येईल. वर पत्र्याला आणि गिअर लिव्हरला जागा उरते का, ते आधी बघा.

पिनियन ४ वर आणायला पाट्यावर २ अंशाची पाचर. सीजे-३बी चे पाटे ॲक्सल हाउसिंगच्या खाली असतात, म्हणून पाचरीची जाड बाजू पुढे. पाचर लोखंडीच घ्या, ॲल्युमिनियमची भाराखाली फुटते. सेंटर बोल्ट आणि यू-क्लॅम्प लांब लागतील. नंतर कोन पुन्हा मोजा, बॉक्स वर गेल्याने शाफ्टचा उतारही किंचित बदलतो. शाफ्ट कापून जोडलेला असेल तर बॅलन्स करून घ्या, आणि गाडी उभी असताना स्लिप जॉइंट मधोमध राहील असं बघा.

कळंबोली_स्पेअर
ऑइलचं राहिलं. डाना १८ चा ड्राइव्ह गिअर थेट गिअरबॉक्सच्या मेनशाफ्टच्या मागच्या टोकावर बसतो. मधलं सील कडक झालं, किंवा लेशाफ्टच्या (गिअरबॉक्समधला खालचा दांडा) मागच्या टोकाशी सीलंट लावलेलं नसलं, की ऑइल त्या बाजूला जातं आणि बाहेर काहीच दिसत नाही. बॉक्स उघडलाय तेव्हा ते सील बदला, लेशाफ्ट आणि रिव्हर्स आयडलरच्या शाफ्टच्या टोकांना सीलंट लावा आणि ब्रीदरमध्ये (आतली हवा बाहेर जायचं छिद्र) तार घालून तो साफ करा. ब्रीदर बुजलेला असला तर गरम हवा ऑइलला ढकलते, मग नवं सीलही टिकत नाही. दोन्हीकडे एकच ऑइल घाला, ८०डब्ल्यू-९० जीएल-४. जीएल-५ सिंक्रोच्या (गिअर न करकरता पाडणाऱ्या) पितळी रिंगांना चांगलं नाही. लेव्हल प्लगच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, त्याहून जास्त नको.

आणखी दोन गोष्टी याच गाडीच्या. सीटखालच्या पेट्रोल टाकीला रिटर्न नसतो; डिझेल पंप आणि इंजेक्टरचा रिटर्न टाकीपर्यंत नेलाय का, ते बघा. मूळचे वायपर मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर चालतात आणि डिझेलच्या मॅनिफोल्डला तसा व्हॅक्यूम नसतो. पावसाळ्याआधी १२ व्होल्टची मोटर बसवा.

एमएच४३_कागदपत्रं
इंजिन क्रमांक आणि इंधन, दोन्ही आरसीवर बदललेले आहेत का? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मनाने चालत नाही, आणि केलेल्या बदलाची आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. नोंद नसेल तर अपघातात विम्याच्या दाव्यावर बोट ठेवलं जाऊ शकतं. ठाणे आरटीओत जाताना इंजिनच्या खरेदीचं बिल आणि इंजिन क्रमांकाचा पेन्सिल-ट्रेस सोबत न्या. गाडी ५० वर्षांहून जुनी असली तरी २०२१ च्या नियमांतल्या ‘व्हीए’ व्हिंटेज नोंदणीचा विचार सोडा, कारण त्यासाठी चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात लागतं.

घोडबंदर_३बी
आरसीवर अजून पेट्रोलच आहे, तेच आधी मार्गी लावतो. हाउसिंग ०.०८ वर आणून कसलंय, पुन्हा मोजल्यावरही ०.०८ च आलं. आता रीमर.