स्लोव्हेनियात नऊ वर्षांच्या लेकीसोबत तंबूत राहायचंय, अनुभवी पालकांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही ठाण्याला घोडबंदर रोडला राहतो. लेक चौथीत आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तिघं स्लोव्हेनियाला जायचं म्हणतोय आणि तिथे तंबूत राहायचा विचार आहे. घरात दोन मतं पडलीत, म्हणून विचारतेय.

दोन वर्षांपूर्वी ग्रुप टूरने युरोप केलं. रोज पहाटे बॅगा भरायच्या आणि बस गाठायची. त्यातलं काय आठवतं असं लेकीला विचारलं, तर एका हॉटेलमागच्या ओढ्यात दगड टाकत बसलो होतो, तेवढंच. तेव्हाच ठरवलं की पुढच्या वेळी एकाच पाण्याकाठी मुक्काम करायचा. म्हणून बोहिन्यचं तळं निवडलं. आजूबाजूला त्रिग्लाव राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही, त्यामुळे अधिकृत कॅम्पसाइटवरच राहणार. त्या दिवसांत अंधार पडायलाच नऊ वाजून जातात, म्हणजे पोरीला खेळायला भरपूर वेळ.

जानेवारीत भंडारदऱ्याला एक रात्र राहून पाहिलं. थंडी म्हणून तंबूच्या सगळ्या चेनी घट्ट लावून झोपलो. पहाटे लेकीने हलवून उठवलं, "आई, आत पाऊस पडतोय." टॉर्च लावून बघते तर कापडाला आतून थेंब लोंबत होते आणि तिच्या स्लीपिंग बॅगची पायाकडची बाजू ओली गच्च. आमच्याच श्वासाची वाफ गार कापडावर धरली होती. आता वरची खिडकी उघडी ठेवायची हे कळलं. पण भंडारदऱ्याला जानेवारीत हवा कोरडी असते. बोहिन्यला पाऊस भरपूर, आणि मे अखेरीसही रात्री पारा दहाच्या खाली जातो. नवरा म्हणतो दोन रात्री तंबू, मग सरळ लाकडी केबिन. मला चारही रात्री तंबूतच राहावंसं वाटतं, पण लेक आजारी पडली तर, ही धास्ती मलाही आहेच. लहान मुलाला घेऊन सलग पावसात तंबूत राहिलेलं कुणी आहे का? ओले कपडे, बूट कुठे वाळवलेत?

दुसरी काळजी गोचिडींची. त्या भागात गोचिडीच्या चाव्यातून मेंदूज्वर होतो आणि त्यावर लस आहे, एवढं वाचलंय. ठाणे-मुंबईत ती लस कुणी मुलांना दिली आहे का? डोसांना किती आधी सुरुवात केलीत?

शेंगेन व्हिसाला मोठ्यांचे 90 युरो, लेकीचे 45, आणि निदान 30,000 युरोंचा विमा, हे माहीत आहे. राहण्याचा पुरावा म्हणून तंबूच्या जागेचं बुकिंग कुणाचं चाललं आहे का? की हॉटेलचं बुकिंग जोडावंच लागतं?

खाण्याचं बरंचसं जमवलंय. बाहेरून येणाऱ्यांना युरोपात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून तूप-पेढे बाद, ताजा कढीपत्ताही बाद. उपमा, पोहे, मुगाची खिचडी यांची कोरडी मिश्रणं घरी करून नेणार. गॅसचा डबा विमानात चालत नाही, तो तिथेच घ्यावा लागणार. इथून नेलेल्या शेगडीला तिथला डबा बसतो का? आमची शेगडी आट्यांवर फिरवून लावायची आहे.

गाडी भाड्याने घेणार आहोत. नवऱ्याचं आंतरराष्ट्रीय लायसन्स ठाणे आरटीओतून काढू. उजव्या बाजूने गाडी चालवायची सवय व्हायला किती वेळ लागला, तेही सांगा.

तिकिटं अजून काढलेली नाहीत. लेकीची शाळा 15 जूनला सुरू होते, त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यात जाणंही जमू शकतं. आठवडाभर पुढे गेलो तर थंडी-पावसात काही फरक पडेल का?