सोलापूर लोकसभा: आकडे जुळवताना
'सोलापूर लोकसभा म्हणजे काँग्रेसचा गड, पहिल्यांदा 2014 ला पडला' असं म्हटलं जातं. तसं नाही. 1996 ला लिंगराज वल्याळ भाजपकडून निवडून आले होते. सुशीलकुमार शिंदे 2003 ला मुख्यमंत्री झाल्यावर पोटनिवडणूक लागली, ती प्रतापसिंह मोहिते-पाटलांनी भाजपच्या चिन्हावर जिंकली आणि 2004 ला सुभाष देशमुखांनी जागा राखली.

2009 च्या आधीचे आकडे पुढच्यांशी ताडून पाहू नका. मतदारसंघांच्या पुनर्रचनेत जुना पंढरपूर लोकसभा मतदारसंघ गेला, माढा आला आणि सोलापूर अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. आता मोहोळ, शहर उत्तर, शहर मध्य, अक्कलकोट, दक्षिण आणि पंढरपूर अशा सहा विधानसभा त्यात आहेत. उत्तर आणि मध्यची बेरीज म्हणजे 'शहर' धरलं की हद्दवाढ भाग, म्हणजे शहराच्या हद्दीत नंतर आलेला भाग, निसटतो. उदाहरणार्थ, जुळे सोलापूर दक्षिणमध्ये मोडतं. केंद्रनिहाय मतं नमुना 20 मध्ये (निवडणूक निकालाच्या अधिकृत तक्त्यात) मिळतात, टपाली मतं मात्र वेगळी मोजावी लागतात.

'2019 ला काँग्रेसचे सुशीलकुमार शिंदे वंचित बहुजन आघाडीमुळेच हरले' हेही अर्धंच. भाजप आणि काँग्रेसमधला फरक 1,58,608 चा, वंचितच्या प्रकाश आंबेडकरांना मतं 1,70,007. ती सगळीच्या सगळी काँग्रेसला मिळाली असती तरी जेमतेम 11,399 मतांनी जिंकले असते, आणि सगळी कुठली मिळतात!

खरी गंमत 2024 ची. भाजपची मतं 5,24,985 वरून 5,46,028 झाली, म्हणजे वाढली, तरी काँग्रेसच्या प्रणिती शिंदे 6,20,225 घेऊन 74,197 नी पुढे. 2019 ची काँग्रेस अधिक वंचित ही बेरीज 5,36,384 च भरते. वरची चौऱ्याऐंशी हजारांच्या आसपास कुठून आली, ते मोहोळ-पंढरपूरच्या केंद्रांवर शोधा.