चेसिस, चिमटा, व्हील मोडलं: दोष कंपनीचा की वापराचा?

चिकलठाणा_क्यूसी
चालत्या दुचाकीत हँडलची टी (हँडल आणि पुढचे शॉकअप जोडणारा भाग) मोडली, चिमट्याला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) बुशाजवळ तडा गेला, अलॉय व्हीलचा आरा रिमपासून सुटला, असे फोटो आले की खाली पहिली प्रतिक्रिया ठरलेली: "कंपनीनं माल हलका केला." मला हे पटत नाही. अशा मोडी मुळात क्वचित होतात. होतात त्यातल्या बहुतेकांचं मूळ शोरूमच्या बाहेर असतं: जादा भार, चेसिसवर मारलेलं वेल्डिंग, ढिले नट, वाकलेले पार्ट सरळ करून परत बसवणं.

पोलाद एका दणक्यात सहसा तुटत नाही, थकून तुटतं. एखादी खाच, गंजाचा खड्डा किंवा वेल्डची कड असते. तिथं बारीक तडा सुरू होतो आणि प्रत्येक हेलकाव्याला थोडा पुढं सरकतो. उरलेला धातू पुरेनासा झाला की साध्या गतिरोधकावर तो एकदम तुटतो. चालवणाऱ्याला तो शेवटचा गतिरोधक तेवढा दिसतो, म्हणून "काहीच नसताना मोडली" असं वाटतं.

हिशोब बघा. वेल्ड केलेल्या जोडाचं आयुष्य ढोबळमानानं ताणाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतं. ताण दुप्पट झाला की आयुष्य आठव्या हिश्श्यावर येतं, नुसता सव्वापट झाला तरी जवळपास निम्मं होतं. १०० सीसीच्या गाडीची भारक्षमता चालवणारा धरून साधारण १३० किलो. चाळीस लिटरचे दोन कॅन भरले तर नुसतं दूध ८२ किलो. रिकामे कॅन आणि कॅरिअरचं लोखंड मिळवलं की शंभर ओलांडतं, वर चालवणारा ६५ चा. झाली की सव्वापट. त्यात हा सगळा भार मागच्या टोकाला लटकतो आणि गतिरोधकावर त्याचा दणका दुप्पट-तिप्पट बसतो. यात कंपनीनं काय करावं?

पैठणरोड_फाउंड्री
क्यूसी साहेब, तुमचं गणित बरोबर आहे, निष्कर्ष घाईचा आहे. तडा खाचेपासून सुरू होतो हे तुम्हीच लिहिलंत. ती खाच कारखान्यातून आली असेल तर?

अलॉय व्हीलचं बघा. ॲल्युमिनियममध्ये साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि ०.३ टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम, असा तो माल. ओतताना आरा आणि रिम जिथं मिळतात तिथं धातू जाड असतो आणि शेवटी गोठतो. तिथं पुरेसा रस पोहोचला नाही तर आत आकुंचनाची पोकळी राहते. वायूची पोकळी गोल आणि गुळगुळीत असते, आकुंचनाची वेडीवाकडी आणि टोकदार. टोकदार पोकळी जास्त घातक. ती पृष्ठभागाजवळ असली तर आणखी वाईट, कारण वाकताना सगळ्यात जास्त ताण पृष्ठभागावरच असतो. रंगाखाली हे गिऱ्हाइकाला दिसणार कसं?

दुसरं, उष्णताप्रक्रिया. व्हील सुमारे ५४० अंशांवर ठेवून पाण्यात थंड करतात, मग सुमारे १५५ अंशांवर काही तास ठेवतात. भट्टीतून पाण्यात जायला उशीर झाला तर ताकद कमी भरते. दिसायला दोन्ही व्हीलं सारखीच.

आणि वापराचं म्हणाल तर दूध, युरियाची ४५ किलोची गोणी, पाण्याचे कॅन, हे सगळं मराठवाड्यात दुचाकीवरूनच जातं. डिझाइन करणाऱ्याला हे माहीत नसतं असं म्हणता येणार नाही. जो वापर उघड दिसतो त्याचा विचार करणं हे डिझाइनचंच काम आहे.

गेवराई_मिस्त्री
दोघंबी बरोबर बोलायलेत, पण मधला माणूस राहिला: वेल्डिंगवाला.

कॅरिअर बसवताना लोक सरळ चेसिसच्या पाइपवर वेल्डिंग मारायलेत. पाइप दोन मिलिमीटरच्या आतबाहेर जाड, त्यावर जाड रॉड आणि करंट फुल. वेल्डच्या कडेला पाइप खाल्ला जातो, तिथंच पुढं तडा. सगळ्यात वाईट जागा म्हंजे मागच्या शॉकअपच्या वरच्या बोल्टाजवळ, पाइपच्या वरच्या अंगाला आडवा मारलेला टाका. मागं वजन लटकलं की वरचं अंग ताणलं जातंय आणि आडवा टाका म्हंजे तडा जायला तयार वाट.

कॅरिअर लावायचंच असंल तर क्लॅम्पवर लावा. मधी रबराची पट्टी, ८ मिलिमीटरचे बोल्ट, आत नायलॉनची कडी असलेले नट नवे, आणि शे-दोनशे किलोमीटर चालल्यावर परत आवळायचे. भार एक्सलच्या जितका पुढं आणि जितका खाली, तितकं बरं. गाडीवर कुठंबी वेल्डिंग करायचंच झालं तर आधी बॅटरी काढा, बीएस-६ गाडीचा ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) कपलर सोडवा, अन् अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा. अर्थिंग पुढच्या चाकाला अन् वेल्ड मागं असं केलं तर करंट बेअरिंगमधून जातो, बेअरिंग खराब होतंय.

चिमट्याला, टीला, एक्सलला तडा दिसला तर वेल्ड करायचा नाही. तड्याच्या टोकाला भोक पाडायची युक्ती मडगार्डच्या पत्र्याला चालते, चेसिसला नाही. पार्ट बदला.

चिकलठाणा_क्यूसी
मिस्त्री भाऊ, अगदी नेमकं लिहिलंत.

फाउंड्री साहेब, पोकळीबद्दल एक गोष्ट नीट ठेवू. ओतीव मालात थोडी पोकळी असतेच आणि तिची मर्यादा ड्रॉइंगवर ठरलेली असते. तुटलेल्या व्हीलमध्ये पोकळी सापडली म्हणून तिनंच व्हील मोडलं असं होत नाही. तडा तिथूनच निघाला हे दिसायला हवं.

तुटलेलं तोंड तिरप्या उजेडात धरा. थकव्याचा भाग सपाट आणि गुळगुळीत दिसतो, त्यावर शिंपल्यावर असतात तशा कमानी असतात. जुना तडा असेल तर तो भाग काळपट किंवा गंजलेला. शेवटी तुटलेला भाग खरखरीत, दाणेदार, ताजा. कमानी ज्या बिंदूभोवती वळलेल्या आहेत तिथं तड्याचा उगम. त्या बिंदूवर दहापट भिंगातून गोलसर चमकते कण असलेली पोकळी दिसली तर तुमचा मुद्दा मान्य. तिथं वेल्डची कड, रिमवरचा ठोका किंवा गंजाचा खड्डा दिसला तर माझा.

आणखी एक खूण. दाणेदार भाग मोठा आणि गुळगुळीत भाग छोटा, म्हणजे भार खूप होता. उलट असेल तर भार माफक होता, तडा बरेच दिवस वाढत होता आणि कुणी बघितलं नाही. काठावर बऱ्याच ठिकाणी छोट्या पायऱ्या दिसल्या तर तडे एकाच वेळी अनेक जागी सुरू झाले, ते बहुधा जादा ताणाचं लक्षण.

पैठणरोड_फाउंड्री
ही कसोटी मान्य. पण ती लावायला तुकडा हातात हवा, आणि इथंच गिऱ्हाईक हरतं. वॉरंटीच्या नावाखाली तुकडा जमा होतो आणि उत्तर येतं "बाहेरून मार लागला". तुकडा ज्याच्या ताब्यात, निकाल त्याचा.

रिमवरच्या ठोक्याबद्दलही सरसकट बोलू नका. खड्ड्यात वाकलेलं अलॉय व्हील रस्त्याकडेला गॅसवर तापवून सरळ करतात, तो खरा घात. ॲल्युमिनियम वितळेपर्यंत लाल होत नाही, त्यामुळं किती तापलं हे डोळ्याला कळत नाही. दोन-अडीचशे अंशांच्या पुढं काही वेळ राहिलं की उष्णताप्रक्रियेनं आणलेली ताकद उतरू लागते. वर रंग मारला की नवं दिसतं. शिवाय पोलादासारखी "याच्या खाली कितीही वेळा ताण द्या, तुटणार नाही" अशी ठाम मर्यादा ॲल्युमिनियमला नसते. म्हणून असं व्हील परत वापरायचंच नाही.

जालना_हीटट्रीट
एक प्रकार अजून कुणी घेतला नाही. यात ना भार, ना खड्डा. उभ्या गाडीतला बोल्ट आपोआप तुटतो.

बोल्टाच्या डोक्यावर ८.८, १०.९, १२.९ असे ताकदीची प्रत सांगणारे आकडे असतात. १२.९ चे, आणि काही वेळा १०.९ चे, कडक बोल्ट शोभेसाठी क्रोम किंवा जस्ताचा मुलामा द्यायला टाकतात, किंवा गंज काढायला ॲसिडात बुडवतात. या कामात हायड्रोजन तयार होतो आणि पोलादात शिरतो. बोल्ट आवळला की काही तासांनी किंवा दिवसांनी तडा जातो. तोंड दाणेदार असतं आणि कमानी कुठंच नसतात, कारण हा थकवा नाही. मुलाम्यानंतर चार तासांच्या आत बोल्ट सुमारे २०० अंशांवर काही तास भाजायला हवेत. छोट्या प्लेटिंगच्या दुकानात हे होईल अशी खात्री नसते. ब्रेक कॅलिपर, हँडल क्लॅम्प, एक्सल यांचे बोल्ट शोभेसाठी देऊच नका.

लातूरची_वकील
फाउंड्री साहेबांच्या तुकड्याच्या मुद्द्यावर लिहिते. तुटलेला भाग लेखी पोच घेतल्याशिवाय कुणाला देऊ नका. देण्याआधी शेजारी पट्टी ठेवून दोन्ही तोंडांचे फोटो काढा.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८(२)(क) प्रमाणं, ज्या वस्तूतला दोष तपासणीशिवाय ठरत नाही तिचा नमुना जिल्हा ग्राहक आयोग योग्य प्रयोगशाळेकडं पाठवू शकतो. तक्रारीची मुदत कलम ६९ नुसार २ वर्षं. कलम ८४ मध्ये उत्पादकाची जबाबदारी फक्त उत्पादनातल्या दोषापुरती नाही, रचनेतला दोष आणि वापराच्या पुरेशा सूचना न देणं हेही त्यात येतं. मात्र कलम ८७ नुसार वस्तूचा गैरवापर किंवा फेरफार झाला असेल तर विक्रेत्यावर उत्पादन-दायित्वाचा दावा चालत नाही. चेसिसवरचं वेल्डिंग समोरचा वकील सगळ्यात आधी दाखवेल.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०अ प्रमाणं केंद्र सरकार सदोष गाड्या परत मागवायला लावू शकतं, त्यासाठी ठरावीक टक्के मालकांच्या तक्रारी हा एक आधार आहे. तुटलेला भाग गुपचूप भंगारात गेला तर ती टक्केवारी कधी भरणार?

चिकलठाणा_क्यूसी
ताईंच्या मुद्द्याला जोडून: तुटलेली दोन तोंडं एकमेकांवर जुळवून बघू नका. घासलं की उगमाच्या खुणा पुसतात. तारेच्या ब्रशनं साफ करू नका. कोरडी करून, मग हलकं तेल लावून, वेगवेगळ्या प्लास्टिकमध्ये बांधा.

गेवराई_मिस्त्री
मोडायच्या आधी सापडायला पायजे. गाडी डबल स्टँडवर, पुढचं चाक अधांतरी. शॉकअपची खालची टोकं धरून मागं-पुढं हलवा. टक टक वाजलं तर कोन सेट (हँडल ज्यावर फिरतंय ती बेअरिंग) ढिला. तसाच चालवला तर प्रत्येक खड्ड्याचा ठोका टीच्या बुडाला बसतो. हँडल फिरवताना मध्यावर खट्ट अडकत असंल तर गोट्यांनी वाटीत खड्डे पाडलेत, सेट बदला.

रंगाला सरळ रेघेत भेग अन् त्यातून गंजाचं पाणी, असं दिसलं तर समजा खाली लोखंडबी तडकलंय. शंका असंल तर डाय टेस्ट (तड्यात रंग झिरपवून तो दिसायची चाचणी) करा, तीन डब्यांचा स्प्रे सेट मिळतो. रंग केमिकलनं काढायचा, ग्राइंडरनं नाही, ग्राइंडरनं तड्याचं तोंड बुजतं. लाल डाय मारून दहा-पंधरा मिनिटं थांबा. क्लीनर फडक्यावर घेऊन पुसा, थेट जागेवर मारू नका, नाहीतर तड्यातला डायबी निघून जातो. मग पांढरा डेव्हलपर फूटभर लांबून. दहा मिनिटांत लाल रेघ उमटली की तडा.

पैठणरोड_फाउंड्री
माझी मागणी कायम आहे: कारखान्यातूनच चेसिसला कॅरिअरसाठी बोल्टची पक्की जागा द्या आणि किती किलो चालेल ते तिथंच पत्र्यावर कोरा. वेल्डिंगची गरजच पडणार नाही.

चिकलठाणा_क्यूसी
बोल्टची जागा दिली की लोक त्यावर दीडशे किलो टांगतील आणि तीच जागा मोडेल. आकडा कोरायला माझी हरकत नाही. पण तो बघून एक कॅन कमी करणारा दूधवाला मला दाखवा.

पैठणरोड_फाउंड्री
एक कॅन कमी केला की त्याची एक फेरी वाढते, पेट्रोल वाढतं. तो कमी करणार नाही हे गृहीत धरूनच पाइप अर्ध्या मिलिमीटरनं जाड करा. मागच्या दोन हात लांबीच्या पाइपांचं वजन किलोभरानंही वाढणार नाही.