टाकीत पाणी येतंय कुठून? झाकण तर कोरडं निघालं

ओलीसुकी:
मामांची २६ फुटी होडी दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. एकच डिझेल इंजिन, ९० लिटरची स्टीलची टाकी, डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या वॉटर सेपरेटरला खाली पारदर्शक वाटी, पाणी तिच्यात जमतं. या वाटीनेच माझी झोप उडवली आहे.

जे काढते ते मोजून वहीत लिहिते (मामांचीच सवय, ते तर बिल्जमधलं, म्हणजे होडीच्या तळात साचणारं, पाणीसुद्धा मगाने मोजायचे). सलग पंधरा दिवस होडी वापरली तर वाटीत काहीही नाही. होडी आठ-दहा दिवस नांगरावर उभी राहिली आणि मध्ये पाऊस झाला, की ११० मिली, १७० मिली, एकदा तर पाव लिटर. नुसती उभी, पाऊस नाही, तर शून्य.

साहजिकच डेकवरच्या डिझेलच्या झाकणावर संशय गेला. ते एका खोलगट बशीत बसतं आणि पाऊस पडला की बशीत पाणी साचतं. झाकणाखालची जुनी ओ-रिंग (रबरी कडी) वाळून चिरली होती, नवी घातली. मग परीक्षाही घेतली: झाकणाखालच्या नळीच्या गळ्यात टीपकागदाची पट्टी सोडली, झाकण लावलं, बशी तासभर पाण्याने भरून ठेवली. पट्टी ठणठणीत कोरडी! पण पुढच्या पावसानंतर वाटीत पुन्हा १३० मिली.

शिवाय ओ-रिंग बदलल्यापासून इंजिन तासाभराने दम तोडतं. थोडं थांबून चालू केलं की पुन्हा ठीक. पाण्यामुळेच असणार. आणि हल्ली डिझेल भरताना ते फसफसून तोंडातून वर येतं, पण तो बहुधा माझ्या घाईचा दोष.

आता टाकीच उतरवून घ्यावी का? त्यासाठी अर्धी केबिन उचकटावी लागेल, म्हणून आधी विचारते.

पाना_पक्कड:
टाकीला हात लावू नका. आधी पाणी गोडं की खारं ते बघा. वाटीतलं पाणी निवळू द्या, डिझेल वर तरंगेल. खालचं १० मिली काचेच्या बशीत घेऊन उन्हात वाळवा. विस्तवावर नाही, त्यात डिझेलचा अंश असतोच. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे १० मिलीत तिसरा हिस्सा ग्रॅम. इतकं मीठ डोळ्यांना दिसतं. खारं निघालं तर गंजलेल्या टाकीत शिरणारं बिल्जचं पाणी, नाहीतर टाकीत हवा ये-जा करायला जी नळी असते, तिचं होडी कलल्यावर बुडणारं तोंड. गोडं निघालं तर डेक.

आणि वाटीवर पूर्ण विश्वास नको. पाणी डिझेलपेक्षा जड, ते टाकीच्या तळाशी बसतं आणि इंजिनाकडे जाणाऱ्या नळीचं टोक तळापासून बोटभर वर असतं. त्या बोटभरातलं पाणी लाटांवर हिंदकळेपर्यंत वाटीत येतच नाही. हातपंपाला तांब्याची बारीक नळी लावून टाकीच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यातून उपसा. होडी उभी असताना कुठला कोपरा खाली जातो ते आधी बघा, माझा तर भलत्याच बाजूला निघाला होता.

भरतीओहोटी:
इतका खटाटोप कशाला? अर्धी रिकामी टाकी, रात्री गारवा, आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर जमते. टाकी काठोकाठ भरून ठेवा, प्रश्न मिटला. पाण्यासाठीचं औषध मिळतं तेही टाका.

निवळी:
@भरतीओहोटी, हे सगळेच सांगतात, पण हिशोब करून बघू. टाकीत ६० लिटर हवा आहे असं धरू. ३० अंशांना अगदी दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते. म्हणजे ६० लिटरमध्ये सगळी मिळून पावणेदोन-दोन ग्रॅम. दिवस-रात्रीत १५ अंशांचा फरक पडला तर हवा पाच टक्क्यांनी आकसते आणि बाहेरून ३ लिटर नवी हवा आत येते. त्यातली सगळी वाफ जमली तरी ०.०९ ग्रॅम. महिन्याचे तीन ग्रॅमसुद्धा होत नाहीत. ताई एका पावसात १७० मिली काढताहेत.

आणि औषधाचं म्हणाल, तर काही औषधं पाणी डिझेलमध्ये मिसळून टाकतात. मग ते सेपरेटरला चुकवून थेट इंजेक्टरपर्यंत पोचतं. मला तरी तो धंदा पटत नाही.

ताई, तुमच्या शेवटच्या दोन ओळी तुम्ही अगदी सहज लिहून गेलात. मला त्याच महत्त्वाच्या वाटतात. भरताना डिझेल उलटं येतं, म्हणजे टाकीतल्या हवेला बाहेर पडायला वाट नाही. इंजिन तासाभराने दम तोडतं आणि थांबल्यावर सुधारतं, म्हणजे आत पोकळी तयार होत असावी. पुढच्या वेळी इंजिन बंद पडताच झाकण सैल करा. सूंऽ असा आवाज आला तर हवेची नळी तुंबलीय.

आता वरचेच ३ लिटर परत घ्या. उन्हात टाकी तापते, हवा फुगते आणि कशीबशी झाकणातून निसटते. मग पाऊस येतो, सगळं झटकन गार होतं आणि टाकी ३ लिटर आत ओढू बघते. नळी बंद, उरलं झाकण, आणि झाकणावर बशीभर पाणी. तुम्ही परीक्षा घेतलीत तेव्हा टाकी श्वास ओढत नव्हती.

ओलीसुकी:
मीठ नाही, बशीत नुसता तेलकट डाग राहिला. पाणी गोडं.

इंजिन सव्वा तासाने अडखळलं, झाकण फिरवलं आणि सूंऽ! मी एकटीच होते, तरी टाळ्या वाजवल्या.

नळी साफ करायच्या आधी मुद्दाम तीच परीक्षा पुन्हा घेतली. बशीत निळी शाई घातलेलं पाणी, गळ्यात टीपकागद, आणि इंजिन चालू. चाळीस मिनिटांनी पट्टी अर्धी निळी.

ओ-रिंगही चुकीचीच निघाली. मी व्यास जुळवून आणली होती, जाडी बघितलीच नाही. जुनीपेक्षा ही बारीक, म्हणून झाकणाचे आटे संपतात तरी ती नीट दाबली जात नाही. उभं पाणी अडवते, पण ओढलेलं नाही.

मग हवेची नळी टाकीकडून सोडवली आणि मागच्या फळीवरच्या तोंडातून तार घातली. दोन-तीन इंचांवर अडली. खरवडल्यावर मातीची ढेकळं पडली आणि त्यात वाळलेले कोळी! कुंभारीण माशीचं घर. पोरांसाठी शिधा भरून ठेवला होता बाईने.

पाना_पक्कड:
वा! फुंकर मारून ढकललं नाहीत हे बरं केलंत, सगळी माती टाकीत गेली असती. तोंडाला पितळी जाळी लावा, पण फार बारीक नको, ती मिठाने बुजते. उपसताना काळा बुळबुळीत चोथा आला का? पाणी आणि डिझेल जिथे टेकतात तिथे जीवाणू-बुरशी वाढते. चोथा असेल तर जंतुनाशक घाला आणि जवळ दोन-तीन जादा फिल्टर ठेवा, मेलेली घाण आधी फिल्टरच चोंदवते.

ओलीसुकी:
चोथा थोडाच होता, चहाच्या गाळाइतका. तळातून ४०० मिली पाणी निघालं, वाटीत कधी न आलेलं. योग्य जाडीच्या ओ-रिंगनंतर तीन पाऊस झाले: २० मिली, शून्य, शून्य. ते २० मिली जुनंच असावं, पण वहीत लिहून ठेवलंय.

काल ती माशी पुन्हा फळीपाशी घिरट्या घालत होती. जाळीवर बसली, इकडून तिकडे चालली आणि शेजारच्या होडीकडे गेली. त्यांना सांगून आले.