मुसलमानाला मुसलमानांच्या देशात कसली अडचण?

मुक्ता
परवा इथे कुणीतरी लिहिलं की मुस्लिमबहुल देशांत धर्मस्वातंत्र्याचा प्रश्न फक्त अल्पसंख्याकांचा असतो, मुसलमानांना तिथे रान मोकळं. वर उदाहरण मलेशियाचं! डोकं फिरलं, म्हणून हा वेगळा धागा.

मलेशियात शरिया गुन्ह्यांचा कायदा लागतो तोच मुळी फक्त मुसलमानाला. चिनी बौद्ध उद्या ख्रिस्ती झाला, परवा नास्तिक झाला, तरी त्याला कोणी हटकत नाही. मलय माणसाने तेरेंगानू राज्यात सबळ कारणाशिवाय जुम्मा (शुक्रवारची नमाज) चुकवला की गुन्हा. रमजानमध्ये दिवसा चारचौघांत खाल्लं की गुन्हा. खुतबा (शुक्रवारच्या नमाजेचं प्रवचन) सरकारी धर्मखात्याकडून लिहून येतो, इमामाने तो वाचायचा. धर्म शिकवायला परवाना लागतो. क्वालालंपूरला तो नसेल तर ५००० रिंगिटपर्यंत दंड, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मुस्तफा अक्योल या तुर्की लेखकाला २०१७ मध्ये याच कारणावरून विमानतळावर अडवून रात्रभर ठेवलं. व्याख्यानाचा विषय काय, तर धर्मात सक्ती नसावी!

आणि शिया? १९८४ मध्ये त्यांच्या दोन पंथांना मान्यता होती, १९९६ च्या फतव्याने ती गेली. तेही मुसलमानच ना?

गोळेकाका
नेहमीचाच एकांगी सूर. घटनेचं ११ वं कलम सगळ्यांना धर्मस्वातंत्र्य देतं. न्यायालयंही झोपलेली नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये केलांतान राज्याच्या शरिया कायद्यातली १६ कलमं संघीय न्यायालयाने (तिथलं सर्वोच्च न्यायालय) ८ विरुद्ध १ अशी उडवली. हे सोयीस्करपणे विसरलात.

मुक्ता
काका, का उडवली तेही सांगा की. ते विषय केंद्राच्या अखत्यारीतले, राज्याला त्यावर कायदा करता येत नाही म्हणून. धर्मस्वातंत्र्याचा तिथे प्रश्नच नव्हता. उद्या केंद्राने तेच कलम आणलं तर हा निकाल कामाचा नाही.

गोळेकाका
बरं. पण कोणाला पटत नसेल तर दार उघडं आहे. नेगेरी सेंबिलान राज्यात इस्लाम सोडायची रीतसर तरतूद आहे.

तात्या_केएल
दार म्हणता? मग त्यातून जायचं कसं तेही ऐका. शरिया उच्च न्यायालयात अर्ज, सोबत कारणांचं प्रतिज्ञापत्र. न्यायाधीश आधी पश्चात्ताप करायला सांगतात. नकार दिला की ९० दिवस समुपदेशन. तरी नकार, तर सुनावणी आणखी जास्तीत जास्त वर्षभर पुढे. शेवटी इस्लाम सोडल्याचा जाहीरनामा मिळालाच तर त्याआधी लग्न, मुलांचा ताबा, मालमत्ता, वारसा यांचा निकाल लावायचा. मलाक्का राज्यात तर हेच मागणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत इस्लामी पुनर्वसन केंद्रात डांबायची सोय आहे.

आणि हे टाळून थेट नोंदणी खात्यात गेलात तर? मुस्लिम घरात जन्मून ख्रिस्ती झालेल्या लीना जॉय यांचं तेच झालं. नाव बदलून मिळालं, ओळखपत्राच्या कार्डावर मात्र 'इस्लाम' छापून आलं. (बाकीच्यांचा धर्म चिपमध्ये असतो, मुसलमानाचाच तेवढा कार्डावर.) खातं म्हणालं, शरिया न्यायालयाचा दाखला आणा. २००७ मध्ये संघीय न्यायालयात २ विरुद्ध १ अशा हरल्या. कार्ड बदलत नाही तोवर बिगरमुस्लिमाशी नागरी लग्न नाही, कारण १९७६ चा विवाह कायदा मुसलमानाला लागूच नाही.

अर्जाच्या मसुद्यातही गल्लत होऊ शकते. 'मी मुसलमान नव्हतोच' आणि 'मी इस्लाम सोडला' हे दोन वेगळे दावे आहेत. पहिला नागरी न्यायालय ऐकतं. २०२१ मध्ये बौद्ध आईच्या, लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलीला ९ न्यायाधीशांनी एकमताने तसा निकाल दिला. दुसरा थेट शरियाकडे, घटनेत १९८८ मध्ये आलेल्या १२१(१क) कलमामुळे; शरियाच्या विषयात नागरी न्यायालयाला हात घालता येत नाही, असं ते सांगतं. मलय वंशाच्या माणसाला पहिला दावा करणं तर फारच अवघड; घटनेच्या १६० व्या कलमात मलयच्या व्याख्येतच 'इस्लाम मानणारा' ही अट आहे.

नानबा
सगळं शरियावर ढकलू नका. तुर्कस्तानात १९९७ नंतर डोक्याला रुमाल बांधलेल्या मुलींना विद्यापीठातून हाकललं, २००५ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही ते ग्राह्य धरलं. ताजिकिस्तानात २०११ पासून १८ वर्षांखालच्यांना मशिदीत बंदी. ही तर धर्मनिरपेक्ष सरकारं!

मुक्ता
अहो, तोच तर माझा मुद्दा! रुमाल सक्तीचा असो की बंदीचा, मुसलमान बाईने काय करायचं ते सरकार ठरवतं.

शब्बीर_रत्नागिरी
मलेशिया-मलेशिया काय लावलंय? पाकिस्तानात मुसलमान म्हणून पासपोर्ट काढायचा तर अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद खोटे नबी होते, असं सही करून द्यावं लागतं. १९७४ ला संसदेने अहमदियांना इस्लामबाहेर काढलं. १९८४ च्या वटहुकमाने त्यांनी अजान दिली, प्रार्थनास्थळाला मशीद म्हटलं, तरी ३ वर्षांपर्यंत कैद. अहमदिया शास्त्रज्ञ अब्दुस सलाम नोबेलविजेते, त्यांच्या कबरीवरचा 'मुस्लिम' शब्दसुद्धा खोडला. आपल्याकडचे सेक्युलर यावर मिठाची गुळणी धरून बसतात.

गोळेकाका
शब्बीरभाई, विषय भरकटतोय.

शब्बीर_रत्नागिरी
भरकटतोय? कोण मुसलमान हे सरकारी कारकून ठरवतो, हा विषय नाही तर काय? तुम्हाला अडचणीचं वाटलं की विषय भरकटतो!

गोळेकाका
आवाज खाली. ठीक आहे, दार 'उघडं' नाही, 'किलकिलं' म्हणा. झालं समाधान? तरी मलेशियात शरिया शिक्षेला मर्यादा आहे: ३ वर्षं, ५००० रिंगिट, ६ फटके.

तात्या_केएल
ती १९६५ च्या केंद्रीय कायद्यामुळे. पास या मलेशियन इस्लामवादी पक्षाच्या हादी अवांग यांच्या खासगी विधेयकात तीच ३० वर्षं, १ लाख रिंगिट आणि १०० फटके करायची मागणी होती. फक्त मुसलमानांसाठी, अर्थातच.