जांघेतला हर्निया: ऑपरेशन आधी की सायकलचा सीझन आधी?

खुलताबादचा घाट (छत्रपती संभाजीनगर)

मागच्या रविवारी दौलताबादला चहाला थांबलो होतो. आमच्या ग्रुपमधल्या एकानं हळूच बाजूला घेऊन विचारलं, "जांघेत गाठ येते, झोपलं की जाते, हे काय असतं?" वर्षभरात असं विचारणारा हा तिसरा. तिघंही चाळिशी-पन्नाशीचे, तिघांनीही घरी काही सांगितलं नव्हतं. म्हणून माझं मत इथं सरळ मांडतो: हर्निया दुखत असेल आणि सायकल सोडायची नसेल, तर ऑपरेशन आधी उरकून घ्या. ब्रेव्हे, म्हणजे ती लांब पल्ल्याची सायकल राइड, पुढच्या वर्षीही असते.

माझं असं झालं. म्हैसमाळ करून घरी आलो, अंघोळ करताना उजव्या जांघेत सुपारीएवढा फुगवटा हाताला लागला. खोकलं की बोटाला धक्का बसायचा, आडवं झालं की गायब. डॉक्टरांनी उभं करून खोकायला लावलं, बोटानं तपासलं आणि तिथल्या तिथं सांगितलं. पोटाच्या भिंतीला खाली फट पडते, तिच्यातून चरबी किंवा आतडं बाहेर येतं. ही फट गोळ्यांनी बुजत नाही, व्यायामानंही नाही. तरी मी चौदा महिने पट्टा बांधून काढले. पट्ट्याची गादी आणि सायकलच्या चड्डीची शिवण यांच्यामध्ये कातडं सोलून निघायचं. हँडलवर खाली वाकलं की मांडी वर येऊन नेमकी तिथंच दाबायची.

मग एका पहाटे खुलताबादच्या घाटात उभं राहून पॅडल मारले आणि गाठ आत जाईना. सायकल कठड्याला टेकवली, गुडघे पोटाशी घेऊन रस्त्याकडेला आडवा झालो. वीसेक मिनिटांनी ती आपोआप आत गेली. त्या वीस मिनिटांत बायकोला फोन करायची हिंमत झाली नाही, हे मला आजही लागतं.

दुर्बिणीनं ऑपरेशन केलं, फटीवर आधाराला जाळी बसवली. दुसऱ्या दिवशी घरी. खालचा भाग काळानिळा पडला होता, तो दोन आठवड्यांत ओसरला. बाराव्या दिवशी घरातल्या ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायचा स्टँड) अर्धा तास, चौथ्या आठवड्यात बीड बायपासवर सपाटीला, सातव्या आठवड्यात घाट. पॅडल मारताना फारसं दुखत नव्हतं. दुखायचं ते दांड्यावरून पाय पलीकडे टाकताना.

लातूरचे सर

आपल्या त्रासाबद्दल वाईट वाटलं, पण निष्कर्ष मान्य नाही. मी ५८ वर्षांचा. डाव्या बाजूला तीन वर्षांपासून हर्निया आहे. दुखत नाही, वाढला नाही, रोज सकाळी चाळीस किलोमीटर होतात. माझ्या सर्जननीच सांगितलं, "त्रास नाही तर थांबा, सहा महिन्यांनी दाखवत चला."

हा सल्ला हवेतून आलेला नाही. अमेरिकेतल्या ७२० पुरुषांवर अभ्यास झाला, २००६ साली प्रसिद्ध झाला. त्रास नसलेल्या किंवा अगदी किरकोळ असलेल्यांपैकी निम्म्यांचं ऑपरेशन केलं, निम्म्यांना नुसतं नजरेखाली ठेवलं. थांबलेल्यांत आतडं अडकण्याचं प्रमाण वर्षाला हजारात दोनसुद्धा नव्हतं. आपण घाटातली गोष्ट सांगता, ती वाचून माणूस घाबरून ऑपरेशन टेबलावर झोपेल. घाबरवून निर्णय घ्यायला लावणं मला शिक्षक म्हणून पटत नाही.

खुलताबादचा घाट

सर, तो अभ्यास मीही वाचलाय. दोनच वर्षांत थांबलेल्यांपैकी २३ टक्के ऑपरेशनकडे वळले. पुढं दहा वर्षांचा हिशेब आला तेव्हा हा आकडा ६८ टक्क्यांवर गेला, आणि बहुतेकांचं कारण दुखणं हेच होतं. म्हणजे थांबणं सुरक्षित आहे, पण बहुतेकांच्या बाबतीत ते नुसतं पुढं ढकलणं आहे. ५८ व्या वर्षी तब्येत ठणठणीत असताना करायचं की ६८ व्या वर्षी बीपी-शुगर घेऊन, एवढाच माझा प्रश्न. दुखत नसेल तर थांबायला माझीही ना नाही. मी दुखणाऱ्यांबद्दल बोलतोय.

गोदाकाठ (नांदेड)

सर आणि दादा, तुम्ही दोघंही पुरुषांबद्दलच बोलताय. मी बाई आहे, सायकल चालवते, आणि मला जांघेत गाठ आली तेव्हा आधी "स्नायू ताणला असेल", मग "अवधाण असेल" (म्हणजे जांघेतली सुजेची गाठ) असं दीड महिना ऐकलं. सोनोग्राफीत निघाला हर्निया, तोही थोडा खालच्या बाजूचा, मांडीच्या शिरेलगतचा. हा प्रकार बायकांमध्ये जास्त दिसतो, तोंड अरुंद असतं, म्हणून आतडं अडकायचा धोकाही जास्त. बायकांच्या जांघेतल्या हर्नियाला "थांबून बघा" लागू करायचं नाही, असंच मला सर्जननी सांगितलं. सरांनी दिलेल्या अभ्यासात एकही बाई नव्हती.

कुणी बहीण वाचत असेल तर लाज बाळगू नका. मी विष्णुपुरीच्या रस्त्यावर महिनाभर दुखणं सोसत सायकल हाणली, कारण जांघेतलं दुखणं सांगायचं कसं हेच कळत नव्हतं. शेवटी सासूबाईंना सांगितलं आणि त्याच मला दवाखान्यात घेऊन गेल्या.

परभणीचं रान

मी शेतकरी. हौसेनं गिअरची सायकल घेतली, सकाळी वसमत रोडनं जातो. आमच्याकडं याला आतडं उतरणं म्हणतेत. सगळे सायकलीचंच बोलायलेत, पण माझं आतडं सायकलीनं नाही उतरलं. सोयाबीनची पोती ट्रॅक्टरवर चढवताना उतरलं. सायकलीवर बसून शांत पॅडल मारलं तर काहीच होत नाही. पोतं उचललं, जोराचा खोकला आला, कुंथावं लागलं की लगेच बाहेर.

ऑपरेशन आधी करा म्हणणं सोपं आहे, दादा. जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरला काढणी. ऑपरेशननंतर पोतं कधी उचलू, हे कुणी सांगंना. इन्शुरन्स गेल्या वर्षी काढला, तर त्यात हर्नियाला दोन वर्षं थांबायचं लिहिलंय. आम्ही थांबायलोय ते अभ्यास वाचून नाही.

बीडवरून पाटोदा

मला जाळीबद्दल बोलायचंय, कारण ते कुणी बोलत नाही. माझ्या मेव्हण्याचं जाळी टाकून ऑपरेशन झालं, दीड वर्ष झालं, सीटवर अर्धा तास बसला की जांघेत विंचू चावल्यागत होतं. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येच लिहिलंय की १० ते १२ टक्के लोकांना नंतर जाणवण्याजोगं, महिनोन्महिने टिकणारं दुखणं राहतं. दर दहात एक! खोगिरावर बसणाऱ्याला हा आकडा लहान नाही. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी बिनजाळीची पद्धत काढली, पोटाच्या वरच्या पडद्याचीच पट्टी शिवून भिंत बळकट करायची. २००१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. आपल्या महाराष्ट्रातली पद्धत असून पेशंटला कुणी तिचं नावही सांगत नाही. निदान विचारा तरी.

सर्जन (अंबाजोगाई)

सगळं वाचलं. नांदेडच्या ताई अगदी बरोबर आहेत, त्यांचं म्हणणं आधी वाचा.

बीडच्या भाऊंना: १० ते १२ टक्के हा आकडा खरा आहे आणि तो पेशंटला आधी सांगायलाच हवा. पण दुखणं फक्त जाळीनं होत नाही, नस दुखावल्यानंही होतं, बिनजाळीच्या ऑपरेशनातही होतं. ऑपरेशनआधीच खूप दुखत असेल तर नंतर राहण्याची शक्यता वाढते. त्याच सूचनांमध्ये बहुतेकांसाठी जाळीचीच शिफारस आहे. मेव्हण्यांनी मात्र दीड वर्ष सोसत बसू नये, पुन्हा दाखवावं. त्यावर उपचार असतात.

परभणीच्या दादांना: काढणी झाली की या. वरून छेद देऊन, फक्त तेवढा भाग बधिर करूनही हे ऑपरेशन होतं, त्याला दुर्बिणीची मशिनरी लागत नाही, सरकारी दवाखान्यात होतं. चालणं त्याच दिवशी. सायकल दुखणं सोसेल तशी. पोत्यांसाठी मी माझ्या पेशंटला सहा आठवडे थांबवतो. तोवर तंबाखू-विडीचा खोकला असेल तर तो थांबवा, आणि पोट साफ राहू द्या.

रस्त्यावर सायकल कधी काढायची असं विचारणाऱ्याला मी एकच सांगतो: समोर अचानक कुत्रं आलं तर कचकन ब्रेक दाबून, पाय टेकवून, न कळवळता थांबता आलं पाहिजे. तोवर ट्रेनर.

आणि थांबणाऱ्या प्रत्येकानं, सर तुम्हीसुद्धा, हे घरच्यांना सांगून ठेवा: गाठ कडक झाली, आत जाईना, दुखणं वाढत चाललं, उलटी आली, वारा सरेना, तर त्याच तासाला दवाखाना. गाठ जोरानं आत ढकलायची नाही. घाटातली वीस मिनिटं निभावली, दरवेळी निभावतील असं नाही.

लातूरचे सर

डॉक्टरसाहेब, घरी सांगितलेलं नव्हतं. आज सांगितलं. ऑपरेशनचा माझा विचार मात्र बदललेला नाही. तीन वर्षं गाठ आहे तेवढीच आहे, ती वाढेपर्यंत मी सायकल चालवत राहणार.

खुलताबादचा घाट

सर, चालवा. पण औशाच्या पुढं एकटे जाऊ नका, सोबत कुणीतरी घ्या.

परभणीच्या दादा, नोव्हेंबरात तारीख ठरली की इथं लिहा. संभाजीनगरला केलंत तर सोबतीला मी येतो, आणि घरचा ट्रेनर महिनाभर तुमच्याकडं पाठवून देतो.

परभणीचं रान

लिहितो, दादा. ट्रेनर कसा जोडतेत तेवढं दाखवायला या.